कीबोर्डची वायर

२ नोव्हेंबर २००३

आणलं! ऑफिसच्या लिलावात भंगाराच्या भावात गेलेलं मशीन शेवटी माह्याच घरी आलं. युनिक्सवर चालणारं जुनं वर्कस्टेशन, कामाचा मोठा कॉम्प्युटर. खाणीचे नकाशे आम्ही यावरच काढले. नवे पीसी आले अन् याले जिन्याखाली टाकून देलं! खुशालनं माह्या स्कूटरवर मागं बसून मांडीवर धरून आणला अख्खा डब्बा. ऑफिसात दोस्त असावा तर असा.

बायको इंदिरा दारातच आडवी आली. "हे काय आणलं? घरात माणसाले जागा नाई."

जागा काऊन नाई? पोरीची खोली रिकामीच आहे. तिथंच ठेवलं.

९ नोव्हेंबर

चालू होते, पण लाइट गेली की स्वतःचं नाव विसरते. आतल्या चिपमधली बॅटरी मेली. दर वेळी त्याचा ओळखीचा नंबर हातानं टाका! अन् लाइट तर काय विचारता — वीज बनते आमच्या चंद्रपुरात, अन् लोडशेडिंगही आमच्याच बोकांडी.

१६ नोव्हेंबर

जमलं!! खुशालनं चिप कानशीनं घासली, मी घड्याळाचा चपटा सेल जोडून तारा सोल्डर केल्या. लाइट गेली, आली — नाव पक्कं लक्षात! आम्ही दोघं म्हातारे लहान पोरांसारखे नाचलो. इंदिरानं चहा ठेवला अन् आत गेली.

याच मशीनवर रविवारी ऑफिसात नेऊन पोरीले, दामिनीले, टायपिंग शिकवलं होतं. पाय जमिनीले लागत नव्हते तिचे.

नको तो विषय.

२३ नोव्हेंबर

मोडेम लावून मशीन फोनच्या लाइनले जोडलं. आता घरी फोन आला की पहिल्या घंटीलेच मशीन उचलते. वडस्याचा प्रेसवाला नाटकाच्या पत्रिकांचा मजकूर तिकडून सोडते, इथी आपोआप जमा. मी संध्याकाळी जुळवून देतो. दुपारी ऑफिसातून फोन लावून मीही घरच्या मशीनमधी शिरलो! छाती फुगली.

उंदरं फार, म्हणून मशीन, मोडेम, तारा-प्लग सगळं जाळीच्या कपाटात. किल्ली माह्यापाशी. बाहेर फक्त पडदा अन् कीबोर्ड.

इंदिरा म्हणे, "अन् माणसाचा फोन आला तर?"

म्हटलं, आपल्याले कोणाचा येते? आला तर मशीनची किंचाळी ऐकून तोच ठेवून देईल.

३ डिसेंबर

आजही दुपारी बंद! लाइट गेली नव्हती. घरी येऊन पाहतो तर पडद्यावर नुसतं 'ok'. कायचं ओके, डोंबलाचं! 'go' टाइप केलं की काई झालंच नाई असं पुढं चालते. घड्याळ तेवढं मागं पडलेलं असते.

प्रेसवाला भडकला. "हेमराजभाऊ, असंच चाललं तर काम दुसऱ्याले देतो."

११ डिसेंबर

खुशालले विचारलं, दुपारीच काऊन थांबते बा? त्यानं माह्याकडं पाह्यलंच नाई. "जुनं आहे. जेवून आडवं होत असंन." हसला.

मले नाई आलं हसू.

१९ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

अर्धी सुट्टी टाकून दुपारी घरी आलो. चोर पकडायचा होता. खिडकीतून इंदिराचा आवाज — हसून राह्यली होती! वर्षभरात ते हसू ऐकलं नव्हतं. "जेवली का, बाई? अश्वजित येते का वेळेवर?"

दामिनी!

जिनं मले न सांगता गडचिरोलीले जाऊन रजिस्टर लग्न केलं. आम्ही जातीचे ढिवर, तो अश्वजित बौद्ध. मले विचारलं असतं तर नाई म्हटलं असतं, म्हणून विचारलंच नाई! तिचं नाव या घरात घ्यायचं नाई, असं मी ठणकावून सांगतलं होतं. अन् माही बायको मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलेली, वायर उपटलेली. वायर निघाली की मशीन जागच्या जागी थांबते. मशीन थांबलं की फोन ते उचलत नाई, वाजत राहते. पोरगी रोज दुपारी एटापल्लीच्या एसटीडी बूथवरून फोन लावते.

"कोणं शिकवलं तुले हे?"

"खुशालभाऊनं. म्हणे, वहिनी, एवढी वायर काढा, मशीन बिघडत नाई, थांबते फक्त."

घरचा भेदी लंका जाळी म्हणतात. माह्या लंकेत दोन भेदी निघाले!

माफी मागेल वाटलं होतं. "कुलूप तुम्ही लावलं. मी काय करू?" म्हणाली अन् भाकरी थापायले बसली.

२० डिसेंबर

भर कँटीनमधी खुशालले धुतलं. माह्याच घरात बसून चहा पेत होता, अन् पाठीत सुरा!

तो चिडला नाई, त्याचाच राग जास्त आला. म्हणे, "वहिनी सांगते, पोरगी रोज तुह्याबद्दलच विचारते बे. गोळ्या घेते का बाबा, म्हणते."

२१ डिसेंबर

कीबोर्डही कपाटात. कुलूप.

२८ डिसेंबर

मशीन एकदाही थांबलं नाई. प्रेसवाला खुश. इंदिरा ताट वाढते अन् उठून जाते. खुशाल बाजारात दिसला, दोघांनीही मान वळवली. कोणं आधी वळवली, माहीत नाई.

जिंकलो म्हणायचं.

२ जानेवारी २००४

ताप आला म्हणून घरी. दुपारी घंटी वाजली. मशीननं उचललं, किंचाळलं. प्रेसवाल्याचं मशीन लगेच जवाब देते. आज तिकडून जवाबच नाई. याचं किंचाळणं संपलं, यानं ठेवून देलं. परत घंटी. परत तेच.

कोणीतरी ते किंचाळणं शेवटपर्यंत ऐकून राह्यलं होतं.

इंदिरा दाराशी उभी होती. माह्याकडं पाह्यलं नाई तिनं.

५ जानेवारी

ताप नव्हता, तरी घरीच राह्यलो. इंदिरा बाजारात गेलेली. कपाट उघडलं, कीबोर्ड बाहेर काढला, वायर मीच ओढली. फोनपाशी बसलो. वाजला.

"आई?"

म्हटलं, "आई बाजारात गेली. तू जेवली का?"