खाडीची फाइल चालली जागतिक परिषदेला

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. आपणही आता त्यातलेच.
पार्ल्याच्या एका संस्थेच्या कल्पिता मॅडम घरी आल्या होत्या. परदेशात हवामान परिषद आहे, तिथे तळागाळातला आवाज हवा आहे म्हणाल्या. मालाडच्या खाडीकाठी माझ्याइतका आवाज कुणाचा? पासपोर्ट आहेच. मुलाने दुबई दाखवली होती तेव्हाचा.
संकल्प: १) रोज पहाटे इंग्रजी. २) जगाला आमची खाडी दाखवायची. ३) चिडायचं नाही.

५ नोव्हेंबर
इंग्रजी उद्यापासून.
आज नोटीस आली. आमच्या तक्रारीची सुनावणी १२ तारखेला, सकाळी अकराला. तीन वर्षं डंपरवाले खाडीच्या तोंडात इमारतींचं डेब्रिज ओतताहेत. तिवरं मेली. तोंड पार बंद झालं तर आमच्या कोळीवाड्यातल्या चौदा होड्या दारात उपड्या घालायच्या आणि पोरांना सिक्युरिटीत लावायचं. तीन वर्षं अर्ज मीच केले. एक्केचाळीस. डंपरचे नंबर, फोटो, पोचेचे शिक्के, सगळं एका फाइलीत.
आणि १२ तारखेलाच परिषदेत माझं भाषण.
शेजारचा दशरथ म्हणाला की हरेश्वर, तू येडा आहेस काय रे, सुनावणी सोडून कुठे उडतोस? त्याला शांतपणे समजावलं की एका साहेबासमोर हात जोडण्यापेक्षा सगळ्या जगाकडून ठराव आणला, की साहेबच हात जोडेल. दशरथ हसला. विचार मोठा असला की लोक हसतातच.

८ नोव्हेंबर
बायकोचं, म्हणजे अंजनाचं म्हणणं की अवो, तुमी खुशाल जा, पण फाइल ठेवून जा, सुनावणीला मी जाते. कचेरीत मूळ कागद लागतात, झेरॉक्स चालत नाही, हे तिला कुणीतरी सांगितलंय. मी म्हटलं, कचेरीला झेरॉक्स चालत नाही, मग जगाला कशी चालेल?
तिने सुरमईचं डोकं एका घावात उडवलं. याला मी संमती समजतो.

१० नोव्हेंबर
विमानतळावर सिक्युरिटीने बॅगेतले सुक्या कोळंबीचे सोडे हुंगले आणि पटकन पुढे जा म्हणाले. ओळख असल्यासारखं वागवलं.

११ नोव्हेंबर
परिषदेचा मांडव दिंडोशीपासून मालाड स्टेशनपर्यंत पुरेल एवढा. चालून पाय गेले. गळ्यात बॅज आहे, त्यावर ‘ऑब्झर्व्हर’. म्हणजे काय, तर मॅडमच्या मते मोठ्या हॉलमध्ये नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मला इन्स्पेक्टर वाटतो.
एका हॉलमध्ये काचेतून पाहिलं. साठ-सत्तर माणसं एका वाक्यावर अडली होती. ‘करावं’ लिहायचं की ‘करता येईल’ लिहायचं. सकाळी अडली, दुपारी जेवून येऊन पुन्हा अडली. आमच्या बाजारात एवढ्या वेळात मासळी विकून, फळ्या धुऊन बायका घरी गेल्या असत्या.
माझं भाषण वीस मिनिटांचं तयार आहे. मॅडम म्हणतात तीन मिनिटं मिळतील. बघू. रंगलं की कोण थांबवतं?

१२ नोव्हेंबर, सकाळ
आज एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे आमच्याकडे सव्वाआठला पूर्ण भरती. परदेशातही हिशेब तोंडपाठ.
अंजनाला फोन केला. फाइल नाही म्हणून घाबरू नकोस, साहेबांना सरळ होडीत घालून खाडी दाखव, ही आयडिया दिली. माझीच. वेळही सांगितली: आठला न्या, सुनावणीच्या आधी. भरती असते, होडी मजेत जाते, साहेबांचे बूट कोरडे राहतात. पाहुण्यांवर छाप चांगली पडते.
ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी एका शब्दात सहमत.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
भाषण झालं. ऐतिहासिक.
खोली टॉयलेटच्या शेजारी, म्हणजे येणं-जाणं भरपूर. समोर अकरा श्रोते. त्यातले तिघे मोबाइल चार्ज करत होते. एक गोरे आजोबा डोळे मिटून एकाग्र झाले होते. एकवीरा आईचं स्मरण, व्यासपीठावरच्यांचे आभार आणि आमच्या वाड्याची थोडी पूर्वपीठिका, एवढ्यात घंटा वाजली. मी फाइल डोक्यावर धरली. मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. मला समजलं ते एवढंच, की मी सगळ्यांचे आभार मानतोय.
एक माणूस उठून थेट माझ्याकडे आला. म्हटलं, हा फाइल बघणार. त्याला माझ्या मागचा प्लग हवा होता.
घरी फोन लागत नाही. आपल्याकडच्या बारापासून बंद. चिंता मुळीच नाही. अठ्ठावीस वेळा लावला.

१३ नोव्हेंबर
झोप नाही. सकाळी दशरथचाच फोन. जे सांगितलं ते जसंच्या तसं:
अकराला साहेबांनी फाइल मागितली. अंजना म्हणाली, फाइल परदेशात गेलीय. साहेब म्हणाले, मग प्रकरण बंद. अंजना म्हणाली, साहेब, कागद नाय तर नाय, खाडी हाय ना, दहा मिनटांचं काम. गोड बोलून बारा वाजता होडीत बसवलं. सोबत चार बायका. पाणी उतरत होतं. पाऊण वाजता खाडीच्या तोंडाशी होडी डेब्रिजवर बसली ती बसलीच.
साहेब म्हणाले, काढा. अंजना म्हणाली, आता पाणी चढल्याशिवाय ना हलायची. कधी चढेल? तर चार. आणि हेही म्हणाली की साहेब, माझ्या लग्नात इथे ओहोटीला पण पुरुषभर पाणी होतं, आता तुमीच बघा कशावर बसलाय. साहेबांनी खाली पाहिलं. टाइल्स, सळया आणि अर्धा कमोड.
उतरून चालत जाऊ म्हणून साहेबांनी पाय टाकला. एक बूट चिखलाने ठेवून घेतला. वर त्यांचा एकादशीचा उपास, आणि होडीतल्या डब्यात नुसते बोंबील. तीन वाजता त्यांनी आपणहून कागद मागितला. पंचनामा होडीतच लिहिला. डंपर बंद, डेब्रिज आठ दिवसांत उचला, खाली सही.
खाडी वाचली. मला जरा भरून आलं. इथल्या एसीने डोळे चुरचुरतात.
अंजनाशी बोललो. फोन मुद्दाम बंद ठेवला होता म्हणाली, नायतर तुमी माझ्याच फोनवरून साहेबांना दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ दिली असती.
माझं मत: आयडिया माझी होती, अंमलबजावणीत चूक झाली. आठला गेले असते तर बूट वाचला असता. मॅडम म्हणाल्या की काका, भरतीला होडी डेब्रिजवरून सुळकन गेली असती आणि साहेबांना काहीच दिसलं नसतं. मॅडम पार्ल्याच्या. त्यांना भरती-ओहोटीतलं काय कळणार?

१५ नोव्हेंबर
कुठल्याशा बेटावरचा म्हातारा मच्छीमार भेटला. भाषा नाही. हातांनी मासे दाखवले. त्याचा वीतभर मोठा निघाला, म्हणून मी माझा वाढवला. मग त्याने हात गुडघ्याशी धरला, मग कमरेशी, मग गळ्याशी. त्याच्या घरात पाणी चढतंय. मी फाइल उघडून त्याला सगळी दाखवली. एकेक पान. एवढ्या परिषदेत फाइल पूर्ण बघणारा तो एकटा. उरलेले सोडे त्याला दिले.

१८ नोव्हेंबर
घरी. खाडीच्या तोंडाशी पोकलेन घरघरतोय. होड्या सुटल्या.
संध्याकाळी वाड्यात सत्कार ठेवलाय, असं दशरथ म्हणाला. कुणाचा, ते विचारणं बरं दिसत नव्हतं. वीस मिनिटांचं भाषण खिशात घातलं, दाढी केली, कडक इस्त्रीचा शर्ट.
शाल, नारळ अंजनाला. टाळ्या एवढ्या की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. मीही वाजवल्या. हात लाल झाले. मग फोटो. फोटोवाला म्हणाला, काका, जरा बाजूला सरका, फ्रेममध्ये येताय. सरकलो.
आत्ताच ग्रुपवर फोटो आला. मधोमध अंजना, सोबत त्या चार बायका. डाव्या कडेला एक कोपर दिसतं. झूम करून तीन वेळा पाहिलं. माझंच आहे.