खायच्या बर्फावर पाय

बाबा, आज आपल्या धाड गावचा आठवडी बाजार. तुमची बर्फगोळ्याची गाडी उभी राहायची तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथून जाताना माझी मान वळतेच. सांगायचं होतं ते हे, की तुमचा मुलगाही आता बर्फाच्याच धंद्यात आहे. हसू नका. पात्यांचे बूट घालून बर्फावर हॉकी खेळतात, तो खेळ मी आपल्याकडे रुजवायला निघालोय. पुण्याला या खेळाच्या शिबिरात संघटनेच्या लोकांनी विचारलं, नव्या जिल्ह्यांत हा खेळ कोण नेणार, आणि मी आपला हात वर करून बसलो. बर्फ नसला तरी चाकांच्या बुटांवर शिकता येतं, आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं सिमेंटचं अंगण आपल्याकडे आहेच.

सुरुवातीला पोरी बऱ्यापैकी आल्या. पण घरचे विचारत, "बर्फ कुठी हाय, मास्तर?" म्हणून मी भर बाजारात बर्फच दाखवायचं ठरवलं. बुलढाण्याच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, ताडपत्रीवर एकमेकींना भिडवून मांडल्या आणि एका पोरीला त्यांवर उभं केलं. आता टाळ्या पडतील म्हणून मी बघत होतो. मेथी विकणारी एक म्हातारी पुढे आली. "काऊन रे, खायच्या बर्फावर पोरीले उभी करून राह्यला? तुया बाप तर लेकरासारखा पोत्यात गुंडाळून आणे बर्फ!" मग काय, लोकांनी लाद्या फोडल्या. रसवंतीवाल्याने घमेलं भरून नेलं, बाकीच्यांनी पिशव्या भरल्या. मला रागसुद्धा आला नाही. लहानपणी मी तुमच्या लादीवर चढून घसरत होतो, तो दिवस आठवला. तुम्ही माझा कान धरलाय आणि म्हणताय, "काऊन बे, लोकाइच्या पोटात जाते ना तो? पाया पड त्याच्या." मी रडत पाया पडतो. माझा पाय लागलेला कोपरा तुम्ही तोडून टाकता, आणि उरलेल्या लादीचा पहिला गोळा, दुप्पट लाल सरबत घालून, मलाच देता.

त्या बाजारानंतर एकच पोर उरली, लादीवर उभी राहिलेली. "सर, पाय सटकला तवा लय मजा आली," म्हणाली. वर्षभर आम्ही दोघंच त्या अंगणात. मी चेंडू मारायचा, तिने अडवायचा. तिने मारायचा, मी अडवायचा. एवढ्यावर तिची निवड चाचणी आली, दूर उत्तरेत, खऱ्या बर्फावर. तिची आई सोबत होती, भाजीपाल्याचं शेत करणारी बाई. मैदानाच्या कडेला तिने चपला काढल्या, वाकून बर्फाला हात लावला आणि मला विचारलं, "हा खायचा व्हय का, मास्तर?" मी म्हटलं, "नाही ताई, खेळायचा आहे." "मंग जाय वं पोरी," ती म्हणाली. संपला विषय. पोर आत गेली, पडली, उठली आणि सुसाट सुटली. मला रडू आलं, बाबा, आणि ते दाखवायला शेजारी तुम्ही नव्हता.

तिची निवड झाली, ती तिकडेच सरावाला राहिली. पुण्याहून फोन येतो, खेळ रुजला का? मी म्हणतो, रुजतोय. मग संध्याकाळी जिनिंगच्या अंगणात जातो, चेंडू भिंतीवर मारतो, भिंत तो परत देते. फार एकटं वाटतं. हे पत्र कुठे टाकणार, म्हणून खिशातच ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. चाचणीच्या दिवशी तिथले प्रशिक्षक मलाही म्हणाले, या सर, बर्फावर या. बूट बांधून मी मैदानाच्या दारापर्यंत गेलो, पण बर्फावर पाय ठेवताना कानाला तुमची बोटं जाणवली. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि बाकावर येऊन बसलो. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, बाबा.