पावणेचारशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर

नेकारसुल्म, जर्मनी,
सोमवार, ९ जून २०१४

चि. सुधा,

अनेक आशीर्वाद. आज इथे पेंटेकॉस्टची सुट्टी, दुकानं कडकडीत बंद. शमिका सायकल घेऊन नदीकाठी गेली आहे, तेवढ्यात हे लिहून घेते. माझी तब्येत उत्तम. माझ्या गुडघ्यांची चौकशी तू प्रत्येक मेलमध्ये करतेस, ती कृपा करून थांबव.

तू विचारलंस, "ताई, शमिका माझ्यावर रागावली आहे का? तीन आठवडे उत्तर नाही." हो, रागावली आहे. कारण सांगते, पण माझ्या क्रमानं सांगू दे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीवर तंबू बांधून अलास्काच्या अस्वलांत आठ दिवस चालायचं तुला कोणी सांगितलं? बरं, चाल. तुमच्या अमेरिकेत मिळतं, तर रिव्हॉल्व्हरही घे. पण हलकं कोणतं घ्यावं हे तू माझ्या मुलीला विचारलंस. का, तर ती कारखान्यात गाडीच्या दारांचं वजन कमी करते! माझा विम्याचा फॉर्म मार्चपासून फ्रिजवर लटकत होता. "आई, या वीकेंडला नक्की." तुझ्यासाठी मात्र तीन वीकेंड लॅपटॉपवर तक्ता: पोलाद की टायटॅनियम, किती ग्रॅम, गोळ्या पाच की सहा. मी विचारलं, "आमटी कशी झाली?" म्हणाली, "झटका जास्त आहे." बार उडाल्यावर हाताला बसतो तो झटका, हे मला नंतर कळलं.

शेवटी एका शनिवारी तिनं खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्टना वर बोलावलं. निवृत्त गृहस्थ, शिकारीचा परवाना असलेले. नारळाच्या सात वड्या खाल्ल्या त्यांनी. माझं जर्मन संध्याकाळच्या वर्गातलं, पण शिकारी माणूस सावकाश बोलतो.

"तुझ्या मावशीचं मनगट मोडलं होतं ना?"

"हो. दोन वर्षांपूर्वी, बर्फावर घसरून."

"मग हलकं नको. हलकं म्हणजे पाठीला आराम आणि मनगटाला शिक्षा. पहिला बार कुठेतरी जाईल, आणि दुसऱ्याला हातच उरणार नाही. जड पोलादी घ्या. आणि त्याआधी मिरचीचा फवारा." मग वडी उचलत त्यांनी विचारलं, "तूही जाणार?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, माझी मुलगी म्हणाली. "ऑगस्टमध्ये. मी आणि मावशी."

मला असं कळलं, सुधा. माझ्याच टेबलावर, परक्या भाषेत. ते गेल्यावर मी जाब विचारला, तर म्हणाली, "आई, तू नाही म्हणाली असतीस." असतेच! पण विचारायला काय झालं होतं? लहानपणीही हेच. तापात रात्रभर पट्ट्या मी ठेवायच्या, आणि बरी झाली की हिला मावशी हवी.

शाळेत शुक्रवारी ख्रिश्चन मुली कन्फेशनला रांगेत उभ्या राहायच्या, आठवतं? आपण बाहेर बाकावर. आपली पापं आपण तशीच डब्यात घालून घरी न्यायचो. हे त्यातलंच एक. फोनवर मला खोटं सहज जमतं, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा शमिका शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. मी म्हटलं, "बाहेर गेली आहे." तू म्हणालीस, "उद्या दुकानात जाते. पावणेचारशे ग्रॅमचं मिळतंय ताई, हातात घेतलं तर पळीएवढं! शमिकाला विचार. नको म्हणाली तर कळव, नाहीतर घेऊन टाकते." मी "बरं" म्हटलं. तिला एक अक्षर सांगितलं नाही.

ती तक्ता नीट करून पाठवणार होती. त्याआधीच मंगळवारी तुझा फोटो आला, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिव्हॉल्व्हर. "मावशीनं मला न विचारताच घेतलं?" एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी तिनं फ्रिजवरचा फॉर्म काढून भरला, माझ्याजवळ दोन तास बसून बोलली. मला किती बरं वाटलं, हे तुला सांगायलाच हवं.

काल म्हणाली, "मावशीला माझी गरज नाही. तिकीट रद्द करते." मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तुला ओळखते. ती येवो न येवो, तू जाणारच. एकटी, मोडक्या मनगटाची, हातात ती पळी घेऊन.

तर ते परत कर. दुकानदार घेत नसेल तर विकून टाक. तिनं छापून काढलेला आणि मग चुरगळून टाकलेला तक्ता इस्त्री करून सोबत ठेवला आहे. सातवी ओळ बघ, पोलादी, बाराशे ग्रॅम. त्यावर हिरवी खूण तिचीच आहे.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही म्हण हवं तर. पत्र मिळताच तू सांग, मी केलं ते सगळं, काही न गाळता. तिकीट महिनाअखेरीपर्यंत तसंच ठेवायला मी तिला कसंबसं राजी केलं आहे. तुझ्याकडून ऐकलं तर ती येईल. माझ्याशी बोलणं बंद करील, ते मी बघेन.

तंबूत दाराच्या बाजूला तू झोप.

तुझी ताई,
वासंती