मागच्या दसऱ्याचा फोटो

कुरुळी, १२ डिसेंबर

प्रिय मालोजी भावा,

हात कसा आहे, हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो. वर्षाली वहिनी सांगत होत्या, तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतोस आणि कोणी भेटायला आलं की माझंच ध्यान नव्हतं म्हणतोस. कंपनीच्या चौकशीतही तेच लिहून दिलंस म्हणे. अरे, काय करून बसलास हे! तुझ्या पत्रे दाबायच्या प्रेसवर आता नवा माणूस आलाय. त्याला दम भरायला सगळे तुझं नाव घेतात आणि मी खाली मान घालून नट आवळत बसतो.

खंडेनवमीला मशिनी बंद ठेवून हार घालायचे, तेव्हा मी प्रेसच्या कॉम्प्युटरची अख्खी इमेज काढायचो. प्रोग्राम, सेटिंग, सगळं जसंच्या तसं एका डिस्कवर. तू त्याला मशीनचा फोटो म्हणायचास. कॉम्प्युटर मेला तर तो फोटो परत टाकायचा, की मशीन त्या दिवशी होतं तसं चालू.

यंदा मी फोटो काढलाच नाही. पेढे खाल्ले, जुन्याच डिस्कवर यंदाच्या तारखेची चिठ्ठी डकवली आणि घरी आलो. तासाभराचं काम, राव, पण कंटाळा केला.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर बसला. साहेब डोक्यावर उभे. वर्षभरात असं काय बदललंय, म्हणत मी तीच डिस्क लावली. प्रेस सुरू झाली, सगळ्यांनी पाठ थोपटली, तू चहा पाजलास. बदललं होतं एवढंच, की मार्चमध्ये प्रेसपुढे तो किरणांचा पडदा बसवला होता, हात आत असला की प्रेस थांबवणारा. जुन्या फोटोत त्याची नोंदच नव्हती. पडदा चालू असल्याचा वरचा दिवा लागायचा, पण प्रेसला तुझा हात दिसत नव्हता. तू दिव्यावर भरवसा ठेवून पत्रा सरळ करायला गेलास.

चौकशीत मी डिस्क यंदाचीच म्हणालो. फोनवर तुला खरं सांगितलं असतं, तर उद्या तेही नाकारलं असतं, एवढा मी स्वतःला ओळखतो. म्हणून कागदावर लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. माझ्या लेकराकडे, सादिकाकडे बघून हे पत्र फाडू नकोस. कामगार कोर्टात दे.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
गुलजार