सूर्यास्ताआधीचं पाणी

४ मे २००३, आळे

मला रोजनिशी लिहायची सवय नाही. डॉक्टरांनी सक्ती केली म्हणून लिहिते आहे. कस्तुरबाई दिवसभरात किती पाणी पितात, काय खातात, हे रोज लिहून ठेवायचं आणि त्यांचे चिरंजीव केवलचंदजी राजस्थानातून परतले की त्यांच्या हाती द्यायचं, असं नारायणगावच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं. लिहायचंच तर नीट लिहावं. म्हणून दिवसाची हकिगतही लिहीन.

सकाळी आळेफाट्याला एस.टी.तून उतरले. सोबत राखाडी रेक्झिनची बॅग आणि वडिलांची लांब काळी छत्री. केवलचंदजींचा पुतण्या हितेश मोटारसायकल घेऊन उभा होता. गावची केबल तोच चालवतो. मी मागे बसणार नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग मॅट्रनबाई, तुमी चालवा, मी मागनं पळतो." शेवटी टमटम केली. सगळ्या रस्त्याला कांद्याचा वास होता. मला प्रसन्न वाटलं. मुलींच्या वसतिगृहाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर वर्षभर पुण्याच्या खोलीत बसून कंटाळले होते.

घर बाजारपेठेत आहे. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर राहती जागा. लख्ख फरशी, मोठ्या खिडक्या. केवलचंदजी, त्यांच्या पत्नी नीलम आणि मुलगा संयम दुपारीच पालीला निघाले, नीलमच्या भावाच्या लग्नाला. कस्तुरबाईंना प्रवास झेपत नाही, म्हणून दोन आठवड्यांसाठी मला बोलावलं. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत पण डोकं शाबूत. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "हेडमास्तरणीवानी बोलता की. बरं झालं. भिऊन तरी पाणी पिईन."

५ मे

पाण्याची व्यवस्था समजून घेतली. हे लोक पाणी उकळून परातीत गार करतात, मग फडक्याने गाळून भरतात. कस्तुरबाईंचा चौविहार असतो, म्हणजे सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. वयाच्या नवव्या वर्षापासून मोडलेला नाही. मागच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडून सलाइन लावावं लागलं होतं. पुन्हा तसं झालं तर शरीर टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा काम एकच. सूर्यास्ताआधी त्यांना पोटभर पाणी पाजायचं. हात कापतो, पेला स्वतः धरता येत नाही. माझ्यासारखीला हे अवघड नाही. मी घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवते, काम करताना दिसावी म्हणून. पट्टा तुटला होता तो काळ्या दोऱ्याने शिवला आहे. ते घड्याळ तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही, मीही नाही.

दिवाणखान्यात मोठा टीव्ही आहे, विणलेला रुमाल घातलेला. मी त्याला हात लावणार नाही. वसतिगृहात रात्री नऊला टीव्हीच्या कपाटाला मी स्वतः कुलूप लावत असे. मुली रडत, "मॅडम, एवढा शेवटचा भाग." मी सांगे, ज्याला उठता येत नाही त्याने बसू नये.

पाणी व्यवस्थित. मुगाची खिचडी, अर्धी वाटी.

७ मे

दुपारी कस्तुरबाई झोपल्या होत्या. बातम्या ऐकाव्या म्हणून टीव्ही लावला. सत्तावन्न क्रमांकावर एक मालिका लागली. नाव दिसलं नाही, जाहिराती नाहीत. असल्या मालिकांत एकेका चेहऱ्यावर तीनदा वीज कडाडते, तसलं काही नव्हतं. माणसं आपल्याकडच्यासारखी बोलतात, चहा पितात, भांडतात. एका घरातली बाई निघून गेली आहे आणि घरचे रोज तिची वाट पाहतात. संध्याकाळची एस.टी. फाट्यावर येते, उतरणारे उतरतात, ती नसते. अंथरुणावरची म्हातारी विचारते, "आली का?" एवढंच. पण फार चांगलं केलं आहे. दोन भाग लागोपाठ पाहिले.

पाणी वेळेवर दिलं.

८ मे

एक भाग संपला की लगेच दुसरा सुरू होतो. जेवण टीव्हीपुढेच केलं. भांडी घासायला येणारी सरूबाई दारात उभी राहून हसली. "आवं बाई, तुमी बी लागला का शिरेलला! आमची सून अशीच बसती. पोरगं रडून निळं पडलं तरी उठायची न्हाई." मी तिला कामाला लावलं. पण कान तापले.

पाणी दिलं. सूर्य टेकला होता तेव्हा, पण दिलं.

१० मे

हे लिहायला लाज वाटते.

आज पाणी चुकलं. एक भाग संपत आला होता, एस.टी. फाट्यावर येत होती. एवढं पाहून उठते म्हटलं. उठले तेव्हा खिडकीबाहेर गच्च्यांवर अंधार पसरला होता. पेला भरून धावत गेले. कस्तुरबाईंनी ओठ मिटून घेतले. मी म्हटलं, औषध समजून घ्या. मग रागावले. चक्क रागावले, चूक माझी असून. त्या म्हणाल्या, "बाई, सूर्य कुनासाठी थांबत न्हाई. तुमचा काय दोष?" मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळपासून त्या घोटभरच पाणी प्यायल्या होत्या. बाकीचं संध्याकाळवर ठेवलं होतं. मी.

११ मे

उजाडताच पाणी पाजलं. टीव्हीवर रुमाल घातला, वर नीलमचे पितळी डबे रचले.

दुपारी डबे उतरवले.

मालिकेतली म्हातारी आता पाणी मागते. "बाई, पाणी." अगदी खरा आवाज, कोरडा, मध्येच तुटणारा. एवढा चांगला अभिनय मी पाहिला नाही, असं मनात आलं. तिला कोणी पाणी देत नव्हतं आणि मला घरच्यांचा संताप येत होता. भाग संपला, पडदा क्षणभर काळा झाला, तरी आवाज चालूच होता.

तो आतल्या खोलीतून येत होता.

खिडकीबाहेर पुन्हा अंधार.

१२ मे

हितेश बिल मागायला समोरच्या घरी आला होता. त्याला वर बोलावून सहज विचारल्यासारखं विचारलं की सत्तावन्नवर काय लागतं. तो म्हणाला, "सत्तावन्न? आपलं बावन्नला संपतं, बाई. आन् नीलमकाकूंच्या घरी तर केबलच न्हाई सध्या. संयमची परीक्षा व्हती म्हनून काकूंनीच मार्चमधी काढायला लावली." मला गच्चीवर नेऊन दाखवलं. काळी वायर गुंडाळी करून टाकीच्या पायाला बांधलेली होती. त्यावर धूळ.

"का, काय बघत व्हता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, बातम्या.

मी खोटं का बोलले? भीतीने नाही. इतकी वर्षं मुलींना शिस्त लावली आणि आता एका पोराला कसं सांगू, की मी पाहत बसले आणि एक म्हातारी तहानलेली राहिली. भीती त्यानंतर वाटली. लाज आधी.

१३ मे

कस्तुरबाईंची जीभ कोरडी. सकाळी दिलेलं पाणी उलटीतून पडलं. डॉक्टरांना फोन करायला हवा होता. केला असता तर त्यांनी विचारलं असतं, असं कसं झालं.

चार वाजता पेला भरून खोलीकडे निघाले. वाटेत दिवाणखाना आहे. पेला हातात धरूनच बसले. फक्त ती आली का, एवढं —

सरूबाईने खांदा हलवला. "बाई! अंधारात काय करताय? लाइट तर दुपारपासनं न्हाई. सगळ्या गावात न्हाई."

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. तिने पाहिलं. तिला काही दिसलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मात्र ती एक पाऊल मागे सरली. देवाचं नाव घेऊन भांडी तशीच टाकून गेली.

पेल्यातलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं होतं. सगळं.

१४ मे

टीव्हीची पिन भिंतीतून उपटली. संच भिंतीकडे तोंड करून फिरवला.

भिंतीवर उजेड पडतो.

एस.टी. आली. ती उतरली. इतके दिवस जिची वाट पाहत होते ती. घरचे सगळे हसत पुढे झाले. तिचा चेहरा दिसला नाही. हातात राखाडी बॅग. लांब काळी छत्री.

हे मी भिंतीवर पाहिलं. संच सरळ कधी केला, आठवत नाही. आता तो सरळ आहे.

कस्तुरबाईंना पाणी — दिलं? वही लिहून ठेवण्यासाठी आहे आणि मला लिहिता येत नाही. चमचाभर दिलं असावं.

१५ मे

ती टीव्हीपुढे बसली आहे. मालिकेतली ती. पाठमोरी. मागे उघडं दार, दारातून खाट दिसते. खाटेवर म्हातारी. म्हातारी तिच्या पाठीकडे पाहते आहे. भागामागून भाग एवढंच. आणि मी पाहते. ऊठ, असं मी ओरडले. ऊठ बये, ती मरेल.

ती हलली नाही. मी हलले नाही.

अंधार पडल्यावर खोलीत गेले. कस्तुरबाई जाग्या होत्या. आवाज जवळजवळ गेला आहे. म्हणाल्या, "हितनं तुमची पाठ दिसते. मी बघत व्हते. आता उठतील, आता उठतील."

मी त्यांचे पाय धरले. सांगितलं सगळं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात कागदासारखा.

१६ मे

पहाटे हितेशला फोन केला. त्यालाही सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण एवढं सांगितलं की तुझ्या आजीला मी तहानेने मारते आहे, तिला माझ्यापासून घेऊन जा. तो आधी हसला, मग जीप बघतो म्हणाला.

जीप मिळायला दुपार टळली. तोवर मी त्यांच्या खाटेला पाठ टेकून बसले, दिवाणखान्याचं दार लावून. थोडं थोडं पाणी पाजलं. ऊन होतं. प्यायल्या. माझ्याकडे पाहून हसल्या.

हितेशच्या हवाली केलं ते असं:
कस्तुरबाई. शुद्धीवर. सूर्य वर असताना पोटभर पाणी प्यायलेल्या.
औषधांची पिशवी. जपमाळ. चष्मा.
उकळून गाळलेलं पाणी, एक तांब्या, वाटेत लागलं तर.
दुकानाच्या किल्ल्या.

राखी, हितेशची बायको, मागे बसली होती. मला म्हणाली, "चला ना बाई तुमी बी, जागा हाय." मी म्हटलं, घर बंद करून मागच्या गाडीने येते, ही वहीही तेव्हाच आणते. राखीने माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मी येणार नाही हे तिला कळलं असावं.

कारण ती मान वळवणार आहे. टीव्हीपुढे बसलेली ती. कालच्या भागात तिची मान थोडी —

फक्त तेवढं पाहून निघते.

१६ मे, नंतर

मान वळली नाही. खाट रिकामी आहे. तिथेही, इथेही.

सूर्य गेला.

बाई, पाणी.

कस्तुरबाई नाहीत. घरात कोणी नाही. तरी — खोलीतून. टीव्हीतून नाही, टीव्ही काळा आहे, आता पहिल्यांदा काळा आहे. हा आवाज त्यांचा नाही. मोठा आहे. हेडमास्तरणीसारखा.

बाई, पाणी.

या वेळी उठते. एवढं तरी.

दिलं ते असं:
पाणी, एक पेला, काठोकाठ. सूर्यास्तानंतर. खाटेजवळ नेऊन दिला. घेणारीने हात पुढे केला. पेला धरवेना, हात कापत होता. मनगटावर घड्याळ, तबकडी आत, पट्ट्याला काळा दोरा. ओठ मिटलेले. उजाडेपर्यंत ती घेणार नाही. माझ्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा वण आहे फक्त, आणि घसा इतका कोरडा की