इन्स्पेक्टर हाल्वोरचा ताबा

मी, दीनानाथ गोविंद पेठे, वय अडुसष्ट, निवृत्त यंत्र-अभियंता, राहणार गेर्लिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. इथल्या कायद्याला स्वतःचं हस्ताक्षर पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत, कारण आमच्या घरात साक्षीदारांशिवाय काही खरं मानत नाहीत. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी परत येणारच, पण इंजिनियर माणूस स्पेअर हाताशी ठेवतो.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी सौ. कुसुम हिची. तिच्या पश्चात चिरंजीव मल्हारची. यावर चर्चा नको.

२. माझे व्हर्निअर, पाने आणि ड्रिल मल्हारला. "या, गेनाऊ, पापा" असं जर्मनमधून हो-हो म्हणत तो ती तळघरात टाकणार, हे मला ठाऊक आहे. निदान तळघर कोरडं ठेवावं.

३. आता खरी मिळकत. निवृत्तीनंतर मी मराठीत तीन रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. नायक नॉर्वेतला इन्स्पेक्टर हाल्वोर मोएन. तुसडा, अबोल, बुडालेला धाकटा भाऊ त्याला बंदराच्या प्रत्येक धक्क्यावर उभा दिसतो. चौथ्या कादंबरीत खून झालाय, खुनी सापडायचाय. माझं काही झालं तर हाल्वोर कोणाच्या हाती जाणार, एवढीच मला काळजी आहे.

४. माझे मित्र श्री. वासुदेव घळसासी यांना त्याला हात लावू देऊ नये. ते साक्षीदार आहेत, त्यांनी हे कलम नीट वाचावं. पहिल्या कादंबरीत जिना झाडायची पाळी त्या आठवड्यात कोणाची होती, यावरून खुनी पकडला जातो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे दीनानाथ, ही झाडायची पाळी, केअरवोखे, आपल्या इथल्या श्वाबन लोकांची. नॉर्वेत कोण पाळी लावून जिना झाडतंय?" मी नॉर्वे पाहिलेला नाही. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या, जिन्यावर पाळत ठेवणाऱ्या फ्राऊ आयझेलेंच्या नजरेतून कुठल्याही देशाचा खुनी सुटला नसता. तो झाडू पुस्तकातून काढायचा नाही.

५. मल्हार म्हणतो, हाल्वोरला मारून टाका, खप वाढेल. वासुदेव म्हणतो, त्याचं लग्न लावा. दोन्ही सूचना फेटाळल्या. हाल्वोरचा संपूर्ण ताबा कुसुमकडे. प्रत्येक प्रकरण तिने पोळ्या लाटता लाटता ऐकलंय आणि खुनी माझ्याआधी ओळखलाय. मी खुनी बदलायचो, ती पुन्हा ओळखायची. तिची तक्रार एकच, "अहो, हा माणूस जेवतो कधी?" मी कधी दाद दिली नाही. पछाडलेला डिटेक्टिव्ह पोटभर जेवला की कादंबरी सुस्तावते, या मतावर मी ठाम आहे.

६. परत आलो तर हे सगळं रद्द, आणि हाल्वोर उपाशीच राहील. न आलो तर शेवटचं प्रकरण कुसुमने लिहावं. खुनी तिला माहीत आहेच. फक्त हाल्वोर दार वाजवेल तेव्हा त्याला आत घ्यावं, वरणभात वाढावा आणि आपलंही ताट त्याच्यासमोर मांडावं. मरणाचं मला फारसं काही वाटत नाही. ती एकटी जेवायला बसेल, याचं वाटतं.

गेर्लिंगेन, ११ ऑक्टोबर २००७
(सही) दीनानाथ गोविंद पेठे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. वासुदेव घळसासी (कलम चार वाचलं)
२. सुनेत्रा घळसासी