दारावरची आजी आणि सौर पॅनेल

बेकसाइड कॉटेज, यॉर्कशायर
१२ ऑक्टोबर

प्रिय म्युरिएलताईस,

धाकट्या क्लेमचा नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घे.) तुझा नवा खुबा काय म्हणतो? न्यूझीलंडमध्ये आता वसंत असेल, म्हणजे तू शिडीवर चढत असशील. उतर आधी.

माझं बरं आहे, छाती सोडून. डॉक्टरांनी कोळशाची शेगडी बंद करायला लावली. आता विजेच्या हीटरसमोर बसतो. त्याच्याकडे बघताना आईच्या चुलाण्यासमोर आठवायचं तसं काहीच आठवत नाही, नुसते पाय भाजतात. म्हणून म्हटलं, छपरावर सौर पॅनेल बसवावीत. बॅरी नावाचा माणूस येऊन मापं घेऊन गेला. म्हणाला, "काका, साध्या घराला परवानगी लागत नाही. छपरापासून वीतभराहून जास्त वर उचलायचं नाही आणि आढ्याच्या वर जायचं नाही, एवढं पाळलं की झालं." मी खूश. जाताना त्याने सहज दारावरच्या दगडी तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पण हे घर संरक्षित इमारतींच्या यादीत तर नाही ना?"

आहे, ताई. आणि का आहे, हे जगात आता दोनच माणसांना ठाऊक आहे.

तुला तो राणीच्या राज्याभिषेकाचा उन्हाळा आठवतो ना? आजीने, आईच्या आईने, बाबांना सबंध गावासमोर "दगडफोड्या" म्हटलं आणि बाबांनी महिनाभर खाणीतून परत आल्यावर परसात बसून तिचं तोंड दगडात कोरलं. मिटलेले ओठ, बारीक डोळे, हनुवटीवरचा चामखीळसुद्धा. दारावर बसवल्यावर त्यांना घाम फुटला, कारण आजी रविवारी जेवायला यायची. मग तू आणि मी त्यावर ताक आणि मेंढ्यांच्या लेंड्या चोपडत बसलो, शेवाळ धरून जुनं दिसावं म्हणून. (मी पाच वर्षांचा, निम्मं माझ्याच केसांत गेलं होतं.) पुढे कित्येक वर्षं आजी आत शिरताना वर बघून म्हणायची, "कोण गं ही खाष्ट बाई?" आणि आई पदार्थ करपल्याचं निमित्त करून आत पळायची. त्या घरात इतकं हसणं पुन्हा कधी झालं नाही.

आजी गेल्यावर यादी करणारे साहेब आले, तेव्हा तू लग्न होऊन गेली होतीस. त्यांनी विचारलं, हे शिल्प किती जुनं? बाबा चहा ओतत म्हणाले, "लग्न झाल्यापासून माझ्याकडे असंच बघतंय." साहेबांनी लिहून घेतलं: सतराव्या शतकातली, बहुधा नदीदेवता. बाकी घराबद्दल यादीत एकच शब्द आहे, "साधे".

तर गेल्या मंगळवारी नियोजन खात्याच्या फिओना हॅलमबाई आल्या. पोरगी तिशीची, पण कडक. उन्हाची बाजू रस्त्याकडे, ती समोरून दिसते, तेव्हा छपरावर पॅनेल नाही म्हणजे नाही. मला थंडी दिसू लागली आणि मी सगळं ओकून टाकलं. आजी, ताक, लेंड्या, सगळं. बाई कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे खरं असेल तर घर यादीतून निघू शकतं. पण साक्षीदार हवा, लेखी. आणि मग हा दगड उद्या कुणी पाडला तरी आम्हाला अडवता येणार नाही."

जाताना फाटकापाशी थांबल्या. "आमची आजी अशीच होती हो. आत्ता बोललात ते मी ऐकलेलं नाही. ठरवा आणि कळवा."

आता सगळं तुझ्या सहीवर आहे, ताई. दोन ओळी लिहून पाठव, की दगड बाबांनीच कोरला.

तुझा,
क्लेम

ता. क. – दोन ओळी पाठवू नकोस. सकाळी दूधवाला दारात उभा राहून नातवाला सांगत होता, "ही आपली नदीदेवता." बाबांना आयुष्यभर कुणी शिल्पकार म्हटलं नाही, आता त्यांच्या दगडाला लोक तीनशे वर्षांचं शिल्प म्हणतायत, तर म्हणू दे. मी हॅलमबाईंना फोन केला. परसात, जमिनीवर, रस्त्यावरून न दिसतील अशी पॅनेल लावायला त्या अनुकूल शेरा मारतील.

ता. क. दुसरा – परसात ऊन येतं ती जागा एकच, आईच्या रुबार्बच्या वाफ्याची. झाडं हिवाळ्यात हलवावी लागतील. तिच्याबरोबर खणायला नेहमी तू जायचीस, मी नुसता त्या आंबट देठांबरोबरचं कस्टर्ड खायला. कोंब मातीवर ठेवायचे की खाली? खत आधी की नंतर? एका मुळाचे किती तुकडे? फोनवर नको सांगूस, फोनवर तू माझी छाती विचारतेस आणि ठेवून देतेस. पत्र लिही. आई काय काय बोलायची खणताना, तेही लिही. चांगलं लांबलचक.